प्लास्टिकची वाफ १५ हजार केल्विनला: प्लाझ्माची एन्थाल्पी लॅपटॉपवर कशी काढायची

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले किंवा पेटची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो: "प्लाझ्मावर काम करायचं आहे, पण आपल्याकडे जळगाव-धुळ्यात तशी लॅब कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. प्लाझ्मा टॉर्च, व्हॅक्यूम चेंबर, स्पेक्ट्रोमीटर ही महागडी यादी आहे. पण प्लाझ्मा भौतिकीचा एक मोठा भाग असा आहे जो कागद, चांगला डेटा आणि साधा लॅपटॉप यांच्यावर चालतो. या लेखात त्यातलाच एक विषय घेतो: विद्युतरोधक प्लास्टिकची वाफ होऊन जो प्लाझ्मा बनतो, त्याचे ऊष्मागतिकी गुणधर्म. म्हणजे त्याची घटकरचना, घनता, एन्थाल्पी आणि विशिष्ट उष्मा.

नाव जड वाटतं. पण एम.एस्सी.चं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स नीट झालं असेल तर इथे नवीन असं फार थोडं आहे. आणि इथे काढलेल्या आकड्यांवर पुढे सर्किट ब्रेकरचं डिझाइन उभं राहतं. आकडा चुकला तर सिम्युलेशनमधला आर्क वेळेवर विझतो आणि खरा आर्क विझत नाही.

हा प्लाझ्मा असतो कुठे?

गावाबाहेर ११ केव्हीची लाइन जिथे डीपीकडे उतरते, तिथे खांबावर तीन नळकांडी तिरपी लावलेली दिसतात. लाइनमन त्याला 'डीओ' म्हणतात, ड्रॉप-आउट फ्यूज. फॉल्ट आला की आतली तार वितळते, दोन टोकांमध्ये आर्क पेटतो, फटाक्यासारखा आवाज होतो आणि नळकांडं खाली लोंबतं. आवाज कशाचा? नळीच्या आतलं फायबरचं अस्तर आर्कच्या उष्णतेने जळून त्याचा वायू होतो, आणि तो वायू जोरात बाहेर पडताना आर्कला सोबत घेऊन जातो. अस्तराचं हे फायबर सेल्युलोजपासून बनतं, म्हणजे तेही पॉलिमरच.

आता घरात या. एमसीबी किंवा दुकानातल्या मोठ्या एमसीसीबीमध्ये आर्कच्या शेजारच्या भिंती बऱ्याचदा नायलॉन-६६ सारख्या प्लास्टिकच्या असतात. त्याही थोड्या झिजतात आणि वायू सोडतात. त्या वायूमुळे आर्क थंड होतो आणि पट्ट्यांच्या दिशेने ढकलला जातो.

तिसरं टोक धुळ्याजवळ आहे. ७६५ केव्ही लाइन धुळ्याच्या ७६५/४०० केव्ही उपकेंद्रात येते. इतक्या दाबाचा प्रवाह तोडायला सल्फर हेक्साफ्लोराइड, म्हणजे एसएफ६ वायूचे ब्रेकर वापरतात. त्यांत आर्कभोवती एक नॉझल असतं आणि ते सहसा पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं असतं. फॉल्टचा मोठा प्रवाह वाहत असताना आर्कच्या प्रकाशानेच नॉझलची आतली भिंत झिजते. याला ॲब्लेशन म्हणतात. त्या क्षणी नॉझलच्या आत एसएफ६ कमी आणि टेफ्लॉनची वाफ जास्त अशी परिस्थिती येऊ शकते. काही ब्रेकर तर या वाफेनेच दाब तयार करतात आणि प्रवाह शून्यावर येताच तो साठलेला वायू आर्कवर सोडतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाह दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येतो. संधी तेवढीच.

डीओ, एमसीबी, ७६५ केव्ही ब्रेकर: तिन्हीकडे प्रश्न एकच. या वाफेत ऊर्जा किती मावते आणि कोणत्या तापमानाला मावते?

वाफेत नक्की काय असतं?

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. १५ हजार केल्विनला 'प्लास्टिक' असं काही उरत नाही. भुसावळचा मे महिना सोडाच, सूर्याचा पृष्ठभागसुद्धा ५,८०० केल्विनच्या आसपास असतो. आर्कच्या मध्यभागी त्याच्या दोन-तीन पट तापमान असतं. त्यामुळे साखळी किती लांब होती, प्लास्टिक कोणत्या कंपनीचं होतं, याला अर्थ राहत नाही. उरतं फक्त अणूंचं प्रमाण.

पाककृती अशा:

- पॉलिथिन: सीएच२. एका कार्बनमागे दोन हायड्रोजन. ठिबकच्या नळ्या याच्याच.
- टेफ्लॉन: सीएफ२. हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन.
- पीओएम: सीएच२ओ. एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन.
- ॲक्रिलिक, म्हणजे पीएमएमए: सी५एच८ओ२.
- नायलॉन-६६: सी१२एच२२एन२ओ२.
- पीव्हीसी: सी२एच३सीएल. वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन.

नुसत्या या पाककृतीवरून, एकही प्रोग्रॅम न चालवता, काजळीचा अंदाज येतो. कार्बन मोनॉक्साइडचा बंध सगळ्या द्विअणू रेणूंमध्ये सर्वांत मजबूत, सुमारे ११.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यामुळे वाफ थंड होताना प्रत्येक ऑक्सिजन अणू एक कार्बन पकडून बसतो. पीओएममध्ये दोन्ही समान, म्हणून सगळा कार्बन वायूतच राहतो आणि हायड्रोजन उरतो. पीएमएमएमध्ये पाचपैकी तीन कार्बन मोकळे. नायलॉनमध्ये बारापैकी दहा मोकळे. पॉलिथिनमध्ये सगळेच. मोकळा कार्बन म्हणजे काजळी, आणि काजळी विजेची वाहक. ज्या भिंतीने वीज अडवायची तिच्यावरच वाहक थर बसला तर ब्रेकर पुढच्या वेळी दगा देतो. पीव्हीसीचं तर आणखी वाईट. ते थोडं तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि मागे कोळशासारखा सांगाडा ठेवतं. पाइपसाठी उत्तम, आर्कशेजारी नको.

ऊर्जा जाते कुठे: हाताने करायचं गणित

आता एक ग्रॅम प्लास्टिकचे सगळे अणू सुटे करायला किती ऊर्जा लागेल ते काढू. ॲटोमायझेशनचं हे गणित बारावीच्या हेसच्या नियमाने होतं.

पॉलिथिन घ्या. ग्रॅफाइटमधून एक मोल कार्बन अणू सुटे करायला ७१७ किलोजूल. हायड्रोजनचा एक मोल अणू मिळवायला २१८, म्हणजे दोनसाठी ४३६. सीएच२ या एककाची निर्मिती-एन्थाल्पी उणे २५ च्या आसपास, तीही भरावी लागते. बेरीज साधारण १,१७८ किलोजूल. एककाचं वजन १४ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला ८४ किलोजूल. तुलनेसाठी, एवढ्या ऊर्जेत ३७ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होईल.

आता टेफ्लॉन. सोयीसाठी सी२एफ४ हा वायू घेऊ. दोन कार्बनचे १,४३३, चार फ्लोरीनचे ३१८ आणि सी२एफ४ ची निर्मिती-एन्थाल्पी उणे ६५९. बेरीज २,४१० किलोजूल. वजन १०० ग्रॅम. एका ग्रॅमला २४ किलोजूल. घन टेफ्लॉनपासून सुरुवात केली तर थोडे जास्त, २५-२६.

पॉलिथिनला तिप्पट ऊर्जा का लागते? कार्बन-फ्लोरीन बंध तर जास्त मजबूत आहे! उत्तर वजनात आहे. १४ ग्रॅम पॉलिथिनमध्ये तीन मोल अणू असतात, १०० ग्रॅम टेफ्लॉनमध्ये सहा. म्हणजे ग्रॅममागे पॉलिथिनमध्ये साडेतीन पट जास्त अणू. फ्लोरीन जड, हायड्रोजन हलका, एवढंच.

हेच पुढेही चालतं. सुट्या अणूंना १५ हजार केल्विनला नेलं की दर मोलला पाच-द्वितीयांश आरटी, म्हणजे ३१२ किलोजूल लागतात. पॉलिथिनला ग्रॅममागे ६७, टेफ्लॉनला १९. आयनीभवन यात अजून धरलेलं नाही.

इथे थांबून एक सवय लावून घ्या. उत्तर 'दर ग्रॅम' आहे की 'दर मोल' की 'दर घनमीटर', हे प्रत्येक वेळी लिहा. ब्रेकरच्या भिंतीतून किती ग्रॅम झिजलं हे मोजता येतं, म्हणून अभियंत्याला दर ग्रॅम हवं असतं. दाब मात्र कणांच्या संख्येवर ठरतो. दोन लेखांमधले आलेख जुळत नसतील तर आधी अक्षावरचं एकक बघा.

इलेक्ट्रॉन कोण देतं?

आयनीभवनाचं समीकरण आपल्याच देशातलं. मेघनाद साहांनी ते १९२० मध्ये सूर्याच्या वर्णावरणासाठी मांडलं. साहा समीकरण सांगतं: तापमान, दाब आणि आयनीभवन-ऊर्जा माहीत असेल तर किती अणूंनी इलेक्ट्रॉन सोडला ते काढता येतं.

शुद्ध हायड्रोजन अणूंच्या वायूला एक वातावरण दाबावर हे समीकरण लावा. १० हजार केल्विनला फक्त २ टक्के आयन. १५ हजारला ४४ टक्के. २० हजारला ९४ टक्के. म्हणजे आयनीभवन हळूहळू वाढत नाही. दहा हजार केल्विनच्या पट्ट्यात जवळपास सगळं उरकतं.

आता दाब दहापट करा. १५ हजारला ४४ टक्क्यांचे १५ टक्के होतात. ल शातलिएचं तत्त्व: एका कणाचे दोन होतात, म्हणून दाब वाढला की प्रक्रिया मागे रेटली जाते. ब्रेकरमध्ये दाब अनेक पट असतो, त्यामुळे एक वातावरणाचा तक्ता तिथे तसाच वापरायचा नाही.

आता टेफ्लॉनकडे. आयनीभवन-ऊर्जा कार्बनची ११.२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हायड्रोजनची १३.६०, फ्लोरीनची १७.४२. टेफ्लॉनमध्ये फ्लोरीनचे अणू कार्बनच्या दुप्पट. तरी १० हजार केल्विनला एक वातावरणावर जवळपास सगळे इलेक्ट्रॉन कार्बनकडून येतात, फ्लोरीनचा वाटा एक टक्काही नसतो. साहा समीकरणातला घातांक एवढा कडक असतो. मिश्रणात ज्याची आयनीभवन-ऊर्जा सर्वांत कमी तो इलेक्ट्रॉन पुरवतो, आणि त्याचे इलेक्ट्रॉन बाकीच्यांचं आयनीभवन आणखी दाबतात.

म्हणूनच तांब्याला विसरून चालत नाही. संपर्क-तुकडे झिजून तांब्याची वाफ आर्कमध्ये मिसळते. तांब्याची आयनीभवन-ऊर्जा फक्त ७.७३. एखादा टक्का तांबं असलं तरी कमी तापमानाला, म्हणजे आर्क विझत असताना, इलेक्ट्रॉनचा हिशोब तांब्याच्या हातात जातो.

विशिष्ट उष्म्याच्या टेकड्या

आदर्श एकअणू वायूचा विशिष्ट उष्मा सपाट रेषा असतो. प्लाझ्माचा आलेख सातपुड्यासारखा असतो, चढ-उतारांचा. प्रत्येक टेकडी म्हणजे एक प्रक्रिया. तापमान वाढवायला दिलेली ऊर्जा तिथे रेणू फोडण्यात किंवा इलेक्ट्रॉन काढण्यात खर्च होते, तापमान फारसं वाढत नाही.

हायड्रोजन रेणू फुटतो त्याची टेकडी एक वातावरणावर पावणेचार हजार केल्विनच्या आसपास. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सात हजारच्या आसपास. टेफ्लॉनच्या वाफेत सीएफ२ आणि सीएफ साधारण तीन ते पाच हजारांच्या पट्ट्यात टप्प्याटप्प्याने फुटतात. त्यानंतर कार्बनच्या आयनीभवनाची टेकडी आणि त्याच्याही पुढे फ्लोरीनची.

ब्रेकरवाल्याला या टेकड्यांची जागा का महत्त्वाची? रेणू फुटतो त्या तापमानाला उष्णतावहनही वाढतं. गरम भागातले सुटे अणू बाहेर जाऊन जोडले जातात आणि बंधाची ऊर्जा तिथे सोडतात. आता बघा: वीज वाहायला पुरेसे इलेक्ट्रॉन साधारण सहा-सात हजार केल्विनच्या वर मिळू लागतात. फुटण्याची टेकडी त्याच्या बरीच खाली असेल तर आर्कचा वाहक गाभा बारीक राहतो, भोवतीचा भाग उष्णता झपाट्याने नेतो पण वीज वाहत नाही. प्रवाह शून्यावर आला की बारीक गाभा लवकर थंड होतो. एसएफ६ दोन-तीन हजार केल्विनलाच फुटायला लागतो, त्याच्या यशाचं एक कारण हे. नायट्रोजनची टेकडी नेमकी वहन सुरू होतं तिथेच, म्हणून हवेतला आर्क जाडजूड आणि चिवट.

प्रत्यक्ष गणना: पायऱ्या

1. कणांची यादी करा. टेफ्लॉनसाठी: इलेक्ट्रॉन, कार्बन, फ्लोरीन, त्यांचे एकदा आणि दोनदा आयनीभूत आयन, फ्लोरीनचा ऋण आयन, सी२, सी३, एफ२, सीएफ, सीएफ२, सीएफ३, सीएफ४, सी२एफ४. कमी तापमानासाठी यादी लांबवावी लागते.

2. प्रत्येक कणाचं पार्टिशन फंक्शन काढा. अणू-आयनांसाठी ऊर्जापातळ्या अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या अणु-वर्णपट डेटाबेसमध्ये मोफत मिळतात. रेणूंसाठी जानाफ तक्ते आहेत.

3. अटी लिहा. कार्बन आणि फ्लोरीनच्या अणूंचं प्रमाण १:२. एकूण विद्युतभार शून्य. सगळ्या आंशिक दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब.

4. समतोल शोधा. रस्ते दोन. एक, प्रत्येक विघटनाला वस्तुमानक्रियेचा नियम आणि प्रत्येक आयनीभवनाला साहा समीकरण लावून न्यूटन-रॅफसनने सोडवायचं. दुसरा, वरच्या अटी पाळून एकूण गिब्ज मुक्त ऊर्जा किमान करायची. ही दुसरी पद्धत व्हाइट, जॉन्सन आणि डँटझिग यांनी १९५८ मध्ये मांडली. कण वाढले तरी तीच सोयीची पडते.

5. घटकरचना मिळाली की घनता आणि एन्थाल्पी म्हणजे नुसती बेरीज. तापमान थोडं बदलून एन्थाल्पीतला फरक घेतला की विशिष्ट उष्मा.

एक व्यावहारिक सूचना. कमी तापमानाला आयनांची संख्या १० चा उणे ४० वा घात एवढी लहान होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. चल म्हणून संख्या घेऊ नका, तिचा लॉगॅरिदम घ्या. आणि सुरुवात ३० हजार केल्विनपासून करून खाली या. वर फक्त अणू आणि आयन असतात, उत्तर सोपं असतं. प्रत्येक तापमानाचं उत्तर पुढच्या तापमानाला पहिला अंदाज म्हणून द्या.

इथे परीक्षक थांबवेल

*पार्टिशन फंक्शन कुठे तोडलं?* अणूच्या पातळ्या आयनीभवनाच्या सीमेजवळ अनंत असतात, सगळ्यांची बेरीज केली तर ती अनंताकडे जाते. प्लाझ्मात मात्र शेजारच्या विद्युतभारांमुळे वरच्या पातळ्या टिकत नाहीत आणि आयनीभवन-ऊर्जाच थोडी खाली येते. डिबाय-ह्युकेल सिद्धांताने ही घट काढतात. एक वातावरणावर ती दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास किंवा कमी असते, दाबाबरोबर वाढते. कोणता निकष वापरला हे प्रबंधात स्पष्ट लिहावंच लागतं.

*शून्य कुठलं धरलं?* एका तक्त्यात एन्थाल्पीचा शून्य २९८.१५ केल्विनचा, दुसऱ्यात शून्य केल्विनचा. एकात मूलद्रव्यं शून्य, दुसऱ्यात सुटे अणू शून्य. दोन तक्त्यांतली माहिती तशीच मिसळली तर आलेख दिसायला सुंदर येतो आणि पूर्ण चुकीचा असतो.

*घन कार्बनचं काय?* पॉलिथिनची वाफ साडेतीन हजार केल्विनच्या खाली आली की समतोल काजळीकडे झुकतो. फक्त वायू धरून गणना केली तर संगणक खुशाल मोठमोठ्या हायड्रोकार्बन रेणूंची राशी दाखवतो. खाली जायचं असेल तर घन कार्बन यादीत हवाच.

*समतोल खरंच आहे का?* हा सर्वांत खोल प्रश्न. टेफ्लॉनचंच उदाहरण घ्या. कमी तापमानाचा समतोल सांगतो की सी२एफ४ टिकूच नये, त्याचं सीएफ४ आणि घन कार्बन व्हायला हवं. या प्रक्रियेत मोलमागे सुमारे २७४ किलोजूल बाहेर पडतात, म्हणून तर टेफ्लॉनच्या कारखान्यात सी२एफ४ जपून हाताळतात. तरी तो वायू बाटलीत साठवता येतो, कारण प्रक्रिया थंडपणी फार सावकाश होते. आर्क मायक्रोसेकंदांत थंड होत असेल तर रसायन मागे पडतं आणि समतोलाचा तक्ता फसवतो. दुसऱ्या बाजूला, इलेक्ट्रॉन आणि जड कण यांचं तापमान वेगळं असू शकतं. मग दोन-तापमान प्रारूप लागतं.

आधी कोणी काय केलं आणि कुठे जागा आहे

कोवित्यांनी १९८४ मध्ये टेफ्लॉन, ॲल्युमिना, पर्स्पेक्स म्हणजे ॲक्रिलिक, आणि पीव्हीसी यांच्या वाफांचे ऊष्मागतिकी आणि वहन गुणधर्म ५ ते ३० हजार केल्विनपर्यंत काढले. रुख्टी आणि निमायर यांनी १९८६ मध्ये ॲब्लेशनवर चालणाऱ्या आर्कचं साधं प्रारूप दिलं. ते आधी वाचा, कारण आकडे कुठे वापरले जातात ते त्यातून कळतं. फ्रान्समधल्या पास्काल आंद्रे यांनी १९९६ मध्ये पीएमएमए, नायलॉन-६६, पीईटी, पीओएम आणि पॉलिथिन या पाच वाफांची घटकरचना आणि ऊष्मागतिकी गुणधर्म प्रसिद्ध केले. तुमची पहिली तपासणी याच आलेखांशी करायची.

आपल्या राज्यातही ही परंपरा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले एस. घोरुई यांनी हेबर्लिन आणि फेंडर यांच्यासोबत २००७ मध्ये ऑक्सिजन प्लाझ्माचे दोन-तापमान गुणधर्म काढले. तो लेख पद्धत शिकायला चांगला आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थर्मल प्लाझ्मावर प्रयोग होत आले आहेत. आणि ब्रेकरची खरी परीक्षा बघायची तर सीपीआरआयचं शॉर्ट-सर्किट चाचणी केंद्र भोपाळला आहे.

मग नवीन काय उरलं? बरंच. एसएफ६ हा कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त तापमानवाढ करणारा वायू आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने १ जानेवारी २०२६ पासून २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे फ्लोरीनयुक्त वायू, काही अपवाद सोडता, बंद केले. जागा घ्यायला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि फ्लोरोनायट्राइल यांची मिश्रणं आली आहेत. पण नॉझल अजून प्लास्टिकचंच आहे. म्हणजे प्रत्येक नव्या मिश्रणाला टेफ्लॉनच्या वाफेसह, तांब्यासह, वेगवेगळ्या दाबांवर तक्ते हवेत. कणांची यादी वाढते, घन कार्बनचा प्रश्न परत येतो, असमतोलाचा प्रश्न तर आहेच. वायू बदलला की जुना तक्ता बाद होतो, ब्रेकर मात्र पहिल्या दिवसापासून विझवायला उभा असतो. हे काम करायला विद्यापीठाचं नाव मोठं असावं लागत नाही. काटेकोर हिशोब लागतो.

या आठवड्यात करून बघा

एक: पीओएमसाठी ॲटोमायझेशन-ऊर्जा दर ग्रॅम काढा. ऑक्सिजन अणूसाठी २४९ आणि घन पीओएमच्या एककासाठी निर्मिती-एन्थाल्पी उणे १७० च्या आसपास धरा. उत्तर ५० ते ५५ किलोजूलमध्ये आलं पाहिजे.

दोन: साहा समीकरणाने हायड्रोजनचे वर दिलेले तीन आकडे, २, ४४ आणि ९४ टक्के, स्वतः मिळवा. मग दाब दहापट करून १५ हजारचा १५ टक्के.

तीन: फक्त एच२, एच, एच-धन आणि इलेक्ट्रॉन असे चार कण घेऊन एक ते २५ हजार केल्विनपर्यंत विशिष्ट उष्म्याचा आलेख काढा. दोन टेकड्या दिसल्या पाहिजेत, पावणेचार हजारला आणि पंधरा हजारच्या आसपास. मग नासाच्या सीईए या मोफत प्रोग्रॅमशी ताडून बघा. त्यात डिबाय-ह्युकेलची दुरुस्ती नसते, तेव्हा आधी तुमच्याही प्रोग्रॅममध्ये ती बंद ठेवा.

हा चार कणांचा प्रोग्रॅम चालला की कार्बन जोडला की झालं पॉलिथिन, फ्लोरीन जोडला की टेफ्लॉन. तिथून पुढे गाईडकडे जाताना हातात नुसती इच्छा नसेल, एक आलेख असेल आणि त्या आलेखावर विचारायला एक नेमका प्रश्न असेल. तो प्रश्न लिहून ठेवा. बहुतेक वेळा सिनॉप्सिसची सुरुवात तिथूनच होते.